हौदात सोडलेलं विहिरीचं पाणी

मी काय काम करते हे सांगितलं की लोक आधी नाक मुरडतात. "शेवाळ? म्हणजे गटाराच्या कडेला येतं ते?" हो बाबा, तेच. त्याचंच जरा शिकलेलं भावंड. महाळुंग्यात एका फोर्जिंग कंपनीच्या मागच्या बाजूला आमचा हौद आहे. लांबट, गुडघाभर खोल, मधोमध एक भिंत आणि एका टोकाला पाणी सतत फिरतं ठेवणारं चाक. कंपनीत लोखंड लालबुंद करायच्या भट्ट्या आहेत. त्यातल्या एकीचा धूर थंड करून, गाळून आम्ही पाइपाने या हौदात सोडतो. पाण्यातलं बारीक शेवाळ त्या धुरातला कार्बन खातं, वाढतं, आणि पाणी दिवसेंदिवस हिरवंगार होत जातं. मग ते शेवाळ गाळायचं, वाळवायचं, वजन करायचं. मी ज्या संस्थेत संशोधक आहे तिचा हा प्रयोग. जागा आणि धूर कंपनीचा.

माझा जन्म दापोडीतला, रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीतला. नळावर भांडल्याशिवाय पाणी मिळत नसे, त्यामुळे तोंड लहानपणीच तयार झालं. अजूनही मी रिक्षावाल्याशी भांडते, बँकेतल्या माणसाशी भांडते, नवऱ्याशी तर नियमाने भांडते. "तुझ्या तोंडाला कोण लागणार," असं आमच्याकडे सगळेच म्हणतात आणि मला आत कुठेतरी त्याचं कौतुकही वाटायचं. आता वाटत नाही. जिथे एक वाक्य बोलायचं होतं तिथे हे तोंड मूग गिळून बसलं.

हौदावर एक मामा होते. कंपनीत पन्नाशीपुढच्या कुठल्याही कंत्राटी माणसाला मामाच म्हणतात, तशी मीही म्हणायचे. पण हे मामा महाळुंग्याचे, मूळचे. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिच्यात त्यांच्या वडिलांचं रान होतं. ते हे रडगाणं म्हणून कधी सांगायचे नाहीत, एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगायचे. "त्या ट्रान्सफॉर्मरपाशी आमचा गोठा हुता. तुमी दुर्बीण ठेवलीया ना मॅडम, तितं बैल बांधायचो." दुर्बीण म्हणजे माझा सूक्ष्मदर्शक. रानातली विहीर तेवढी कुंपणाच्या भिंतीबाहेर शिल्लक राहिली होती. तिचं पाणी कुणी वापरत नव्हतं.

मामा चौथी-पाचवी शिकलेले. पण हौदाचं त्यांना जे कळायचं ते माझ्या हाताखालच्या दोन एमएस्सी झालेल्या मुलींना कळत नव्हतं. सकाळी आल्या आल्या ते बाही वर करून हात पाण्यात घालायचे. बोटांची टोकं कुठल्या खोलीला दिसेनाशी होतात त्यावरून सांगायचे, "आज दाट हाय," नाहीतर "आज उपाशी हाय, धूर वाढवा." मी यंत्रावर मोजून बघायचे तर तेच निघायचं. रोजच्या वहीत मराठीतून, ठळक अक्षरात नोंदी करायचे. चाक किती वाजता थांबलं, पाणी किती घातलं, पाण्याला वास कसला होता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. संस्थेच्या पटावर सहायकाची जागा निघणार होती आणि तिच्यासाठी मी त्यांचं नाव पाठवलं होतं. घरची त्यांना ददात नव्हती. गावात त्यांचं तीन मजली घर होतं, खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या होत्या. हवं होतं ते गळ्यातलं कार्ड. कंत्राटी माणसाला रोज गेटवर थांबून नाव लिहावं लागतं, पास दाखवावा लागतो, डबा उघडावा लागतो. एकदा पास घरी राहिला तर नव्या वॉचमनने त्यांना अर्धा तास बाहेर उभं केलं होतं. त्या दिवशी आत आल्यावर ते मला म्हणाले, "आमच्याच रानात जायला मला इचारतोय, कुनीकडं निघालात म्हणून. कार्ड आलं की बास. गळ्यात घालायचं अन् सरळ आत." मग दर सोमवारी, सहज विचारल्यासारखं, "मॅडम, त्या कागदाचं कुठवर आलं?" आणि मी, "येतंय मामा, येतंय."

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. कंपनीचे परदेशातले मोठे ग्राहक प्रकल्प बघायला येणार असं ठरलं. आमच्या प्रयोगाचा पुढचा टप्पा कंपनी देणार की नाही हे त्या भेटीवर अवलंबून होतं. नेमकी त्याच्या आधी आमची धुराची भट्टी दुरुस्तीला काढली, आठ दिवस बंद. भट्टी नाही म्हणजे धूर नाही, आणि धूर नाही म्हणजे शेवाळाला खायला नाही. त्यात ढगाळ हवा. पाहुणे तीन दिवसांवर आले आणि आमचा हौद पोपटी सरबतासारखा फिका पडलेला. हौदाचा तळ दिसत होता.

आता यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पाहुण्यांना सरळ सांगता आलं असतं की भट्टी बंद होती, शेवाळ उपाशी आहे, हाच तर पुरावा की ते धुरावर जगतं. आज मी हे वाक्य आंघोळ करताना, स्कूटर चालवताना, कुठेही म्हणून बघते. किती सोपं आहे. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त फोटो होते. पांढऱ्या हेल्मेटातले साहेब, मागे हिरवागार हौद, आणि शेजारी दापोडीची मी. आधीच्या अहवालांत मी हौदाचे इतके गोडवे गायले होते की फिका हौद दाखवायची मला लाज वाटली. नको तिथे वाटली.

मला मामांची विहीर आठवली. त्या दिवसांत ती वरपर्यंत हिरवी झाली होती, अगदी रंग कालवल्यासारखी. पाहुण्यांना काय, हिरवं ते हिरवं. विहिरीतलं शेवाळ वेगळं आणि आमचं वेगळं, हे कोणाला कळणार होतं?

आणि हे मला न लिहून चालणार नाही. मी त्या विहिरीचं पाणी महिन्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. त्यात शेवाळ खाणारे बारीक जीव होते, तोंडापाशी चक्र फिरवत पाणी ओढून घेणारे. शेवाळाच्या हौदात असले जीव शिरले की मेंढ्यांचा कळप हरभऱ्यात शिरल्यासारखं होतं. हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुपारी मामांना सांगितलं, हौदातलं एक तृतीयांश पाणी काढा आणि विहिरीवर पंप लावून तेवढं भरा.  मामा विहिरीवर जाऊन स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन आले आणि माझ्यापुढे उन्हात धरलं.

"ह्यात वळवळतंय मॅडम. ह्ये खात्यात हिरवं. आमच्या हिरीचं दरसाल असंच हुतं. गच्च हिरवी हुती, मंग चार दिसांत पानी एकदम नितळ. सगळं खाऊन टाकत्यात."

वाटीत खरंच पांढरे ठिपके हलत होते. चौथी-पाचवी शिकलेला माणूस मला माझाच विषय, माझ्याच शब्दांपेक्षा सोपा करून सांगत होता, आणि मला त्याचा संताप आला.

"मामा, ते मी बघते. तुम्ही पंप लावा," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले नाही. "प्रत्येक गोष्टीत शहाणपणा कशाला?"

मामांनी वाटीतलं पाणी मातीत ओतलं आणि पंप लावला.

भेट झकास झाली. हौद हिरवागार दिसत होता. एका पाहुण्याने खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि सगळे हसले. कंपनीच्या पर्यावरण विभागाच्या साहेबांनी माझी ओळख करून देताना मला "आमच्या मॅडम" म्हटलं. मामा लांब, चाकापाशी उभे होते. मी त्यांना बोलावलं नाही. फोटोत ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक घाई सुचली. हौदाशेजारी बियाण्याची टाकी होती. शेतकरी बियाणं राखतो तसं आम्ही त्यात चांगलं शेवाळ राखून ठेवायचो, हौद बिघडला तर पुन्हा सुरू करता यावा म्हणून. दोन वर्षं थोडा थोडा धूर वाढवत आम्ही ते भट्टीच्या धुराला सरावलेलं केलं होतं. त्या टाकीत पाणी कमी झालेलं दिसलं आणि मी म्हणाले, भरून घ्या. पंप तोच, पाइप तोच, न धुतलेला. आतलं उरलंसुरलं विहिरीचं पाणी टाकीत गेलं. मामा तेव्हाही माझ्याकडे बघत होते. पंप लावताना शहाणपणा काढल्यावर ते कशाला बोलतील?

भेटीनंतर चौथ्या दिवशी सकाळी हौदावर मळकट फेस होता आणि खाली पाणी नितळ. अगदी मामा म्हणाले होते तसं. बियाण्याची टाकीही गेली. दोन वर्षांचं काम त्या किड्यांच्या पोटात गेलं. याचा एक वाण संस्थेत गोठवून ठेवायला हवा, असं मी सहा महिने म्हणत होते आणि ठेवला नव्हता. मी हौदाच्या कठड्यावर बसले. मामांनी शेजारी पाण्याची बाटली आणून ठेवली, आणि "सांगितलं हुतं" असं एका अक्षरानेही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी बैठक. पर्यावरण विभागाचे साहेब, संस्थेतले माझे वरिष्ठ, कंत्राटदाराचा माणूस, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मामा. साहेबांपुढे रोजची वही उघडी होती. ते वाचत वाचत एका ओळीवर थांबले. मामांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, "विहिरीचे पाणी हौदात घातले. दुपारी दोन ते सहा." कोणी सांगितलं ते लिहिलेलं नव्हतं. मामा कधीच लिहीत नसत. काय केलं तेवढंच त्यांना लिहायला मी शिकवलं होतं.

"हे विहिरीचं पाणी कोणी घालायला सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

खोलीत एसीचा आवाज होता. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं, बोलायची पाळी माझी आहे असं समजून.  पुढचा टप्पा मंजूर झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात येणार होतं. माझे वरिष्ठ शेजारी बसले होते. मी समोरच्या फाइलचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एखाद्या माणसाला सगळं समजायला पुरेल एवढा गेला.

मग मामा म्हणाले, "मीच टाकलं साहेब. पानी कमी वाटलं म्हणून."

इथेही मी गप्प राहिले असते तर त्याला निदान भित्रेपणा म्हणता आलं असतं. मी बोलले. मऊ आवाजात, मोठ्या मनाच्या बाईसारखी बोलले. "त्यांच्या लक्षात आलं नसेल सर. जाऊ द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाहेर आल्यावर माझे वरिष्ठ म्हणाले, "तू फार सांभाळून घेतेस हं लोकांना." आणि मी, मेलीने, "चालायचंच," असं म्हटलं.

त्या महिनाअखेरीला कंत्राटदाराने मामांचा पास नवा करून दिला नाही. सहायकाच्या जागेवर दुसरं नाव गेलं. मामा शेवटच्या दिवशी वही, चाव्या आणि गमबूट टेबलावर ठेवून गेले. मी त्या दिवशी मुद्दाम संस्थेत काम काढलं होतं.

पुढचा टप्पा मिळाला. संस्थेतल्या मूळ वाणापासून नवा हौद सुरू केला. ते शेवाळ धुराला सरावलेलं नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. नव्या माणसाला मी सूचनांचा छापील कागद दिला. मामांना फोन करायचा असं मी रोज ठरवायचे आणि चाकणच्या चौकातल्या वाहतुकीत अडकले की ते विसरण्याइतका राग आपोआप यायचा. असे सात-आठ महिने गेले.

मग संस्थेत नव्या मुलामुलींसाठी एक व्याख्यान ठेवलं, प्रयोग कसे फसतात यावर. मोकळेपणाने बोला म्हणाले. हौद कसा गेला ते मी रंगवून सांगत होते, मुलं हसत होती. पडद्यावर पुढचं पान आलं. मीच बनवलेलं होतं. "कारण: ऑपरेटरची चूक." मोठ्या अक्षरात. एका मुलीने ते वहीत उतरवून घेतलं.  पुढे मी काय बोलले कुणास ठाऊक. मामांनी ती ओळ वाचली तर, एवढंच डोक्यात होतं. आणि मग कळलं की वाचायची काय गरज आहे, ते तर बैठकीच्या त्या खोलीतच बसलेले होते.

त्या रविवारी मी महाळुंग्याला गेले. ठरवून गेले होते. मामांपुढे, घरातल्या सगळ्यांपुढे सांगायचं की चूक माझी, हुकूम माझा. मग साहेबांना आणि वरिष्ठांना पत्र लिहायचं. पत्राचा मजकूरही तयार होता.

मामा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मला बघून उठले, धोतराला हात पुसले. "या मॅडम. वाट कशी चुकली?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी टोमण्याची वाट बघत होते.

आत मामी होत्या, त्यांच्या बायको. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला खुर्चीवर बसवलं. "तुमीच का त्या मॅडम? किती सांगायचे ह्ये तुमचं. दुर्बिनीत किडं दाखवलं, नाव पाठवलं. अन् शेवटाला यांच्यासाठी साहेबांशी किती भांडला तुमी. कोन करतं हो एवढं परक्या मान्सासाठी?"

मला काही समजेना. मी मामांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मामी," मी म्हणाले, "मी आज मुद्दाम सांगायला आलेय. खरं म्हणजे त्या दिवशी मी..."

"च्या ठेव आधी," मामा म्हणाले. "मॅडम लांबनं आल्यात."

मामी आत गेल्या. मामा खुर्ची जवळ ओढून बसले आणि हलक्या आवाजात बोलले. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"मी घरात सांगितलंय, मॅडम लई भांडल्या माझ्यासाठी. भावकीत बी त्येच सांगितलंय. काढून टाकलं त्ये कळलंच सगळ्यांना. पन ज्यांचं नाव दोन वर्सं घेत हुतो त्यांनी वळखच दाखवली न्हाई, ह्ये मी कुनाला सांगनार? हसतील लोकं मला. तुमाला न्हाई, मला."

"मामा, मी साहेबांना पत्र लिहिते. सगळं खरं लिहिते."

"साहेबाला काय लिवायचं त्ये लिवा. माझा पास काय येत न्हाई आता. हितं मातर बोलू नका. मला खोटं पाडू नका माझ्या घरात."

मी काहीतरी बोलले. बहुतेक "माफ करा" म्हणाले. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजही माहीत नाही. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. दुसऱ्या हातात ताट होतं. त्यात हळदीकुंकू, नारळ, तांदूळ आणि खणाचं कापड. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला तसंच कसं पाठवायचं, म्हणाल्या.

मला पाटावर बसवून त्यांनी कुंकू लावलं. ओढणीचा पदर पुढे करायला सांगितला आणि तांदळाची ओंजळ भरली. ओंजळ तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "तुमी एवढं भांडला, तरी त्या साहेबांनी ऐकलंच न्हाई ना?"

मामा माझ्याकडे बघत होते. बैठकीत बघितलं होतं तसंच, माझी बोलायची पाळी आहे असं.

"नाही ऐकलं, मामी," मी म्हणाले.

"जाऊ द्या. तुमी तुमच्याकडनं केलं," त्या म्हणाल्या, आणि तांदूळ माझ्या पदरात घातले.